पाणी चढवणं, चुंबक आणि फॅरेडेसाहेब

आमचं नशिराबाद जळगाव-भुसावळ रस्त्यावर. जळगावची ख्याती सोन्याची, त्यामुळे ‘सोन्याचं पाणी चढवणं’ इकडे लहान पोरालाही कळतं. दागिना द्रावणात बुडवायचा, करंट सोडायचा, धातूचा पातळ थर बसतो. आता मंडळी, त्या भांड्याशेजारी जबरदस्त लोहचुंबक ठेवला तर? तांबं-चांदी काही चुंबकाला चिकटत नाहीत, म्हणजे फरक पडायला नको. पण पडतो!

गंमत म्हणजे या गोष्टीची दोन्ही टोकं एकाच माणसाकडे होती. मायकेल फॅरेडेने १८२१ मध्ये पाऱ्यात बुडवलेली, करंट वाहणारी तार चुंबकाभोवती फिरवून दाखवली. पुढे १८३३-३४ मध्ये किती विजेला किती धातू जमतो, याचे नियम मांडले. या दोन टोकांची गाठ गणितात नीट बसायला मात्र १९७० चं दशक उजाडलं. कॅनडात फाहिदी आणि जपानमध्ये आओगाकी यांनी ते काम केलं.

उत्तर तसं सोपं आहे. द्रावणात सरकणारे आयन म्हणजेच करंट. चुंबकीय क्षेत्र त्याला आडवा धक्का देतं आणि द्रावणच फिरायला लागतं. धातूलगतचं आयन संपत आलेलं द्रावण बाजूला सरून ताजं येतं. थोडक्यात, चमच्याशिवाय ढवळणं! चुंबक धातूला ओढत नाही, तो पाणी हलवतो.

ढवळण्याने आकारही बदलतो. १९८४ मध्ये मात्सुशिता आणि सहकाऱ्यांनी जस्ताची फांद्याफांद्यांची ‘पानं’ वाढवली. त्यांची फ्रॅक्टल मिती निघाली सुमारे १.६६, म्हणजे धड रेषही नाही आणि धड पृष्ठभागही नाही. १९९१ मध्ये मोगी आणि सहकाऱ्यांनी चांदीची अशीच पानं तीव्र चुंबकीय क्षेत्रात वाढवली, तर ती विरळ न राहता दाट झाली.

महाराष्ट्रही या विद्येपासून लांब नाही बरं का. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातल्या लोखंडे आणि पवार यांनी विजेने सेमीकंडक्टरचे पातळ थर बसवण्यावर १९८९ मध्ये सविस्तर आढावा लिहिला. त्यात चुंबक नाही, पण थर एकसारखा बसवायची डोकेदुखी तीच.

‘आपल्याला काय त्याचं?’ असं म्हणू नका. खिशातल्या मोबाईलची लिथियम बॅटरी चुकीच्या पद्धतीने चार्ज झाली, तर आत अशाच फांद्या फुटू शकतात. एखादी पलीकडे पोचली की शॉर्ट सर्किट, कधी आगसुद्धा. त्यांना चुंबकाने आवर घालता येईल का, यावर प्रयोग होत आहेत. दागिन्यावर खडबडीत थर बसला तर पॉलिश करता येतं. बॅटरीच्या पोटात पॉलिश कोण करणार?