ग्रंथाची ओळख आणि ग्रंथाची शिफारस

पुस्तकाच्या मलपृष्ठावर चार गौरवाच्या ओळी छापण्याची रीत साहेबाकडून आली, असा समज आहे. तो अर्धाच खरा. छापण्याची रीत तिकडची. परंतु ग्रंथ कशाचा आहे व वाचून काय पदरात पडेल, हे आधी सांगण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. तिचा उत्तम दाखला समर्थ रामदासांचा. १६०८ साली ते ज्या जांब गावी जन्मले, ते आज जालना जिल्ह्यात, घनसावंगी तालुक्यात आहे.

हस्तलिखित पोथीला मलपृष्ठ नसे. सुटी पाने एकत्र ठेवून वस्त्रात बांधीत. तेव्हा ग्रंथाची ओळख आतच, आरंभी द्यावी लागे. दासबोधाचे २० दशक व २०० समास आहेत. त्यांतल्या पहिल्याच समासात श्रोते विचारतात की, हा ग्रंथ कोणता, यात सांगितले काय आणि ऐकून मिळेल काय? समर्थ क्रमाने उत्तर देतात. ग्रंथाचे नाव सांगतात, तो गुरुशिष्यांचा संवाद असल्याचे सांगतात, मग आतील विषय मोजून दाखवितात. आधार म्हणून उपनिषदे व शास्त्रे पुढे करतात. पण मुख्य आधार स्वतःच्या प्रचीतीचा. शेवटी फळ. कित्येक पोथ्यांची फलश्रुती पुत्र व धन देऊ करते. येथे वचन आहे ते आचरण पालटेल, संशय तुटेल, आळशी माणूस उद्योगाला लागेल असे. हे वचन वाचकाला स्वतःवरच पडताळून पाहता येते.

विलायतेत पुस्तकावरचे कागदी वेष्टन प्रथम केवळ धुळीपासून रक्षणासाठी होते. त्यावर जाहिरात मागाहून चढली. अमेरिकेत कवी वॉल्ट व्हिटमन याला इमर्सनने १८५५ साली खाजगी पत्रातून शाबासकी दिली. व्हिटमनने परवानगी न घेता त्यातली एक ओळ १८५६च्या आवृत्तीच्या पाठकण्यावर सोनेरी अक्षरांत छापली. आधार स्वतःच्या प्रचीतीचा होता, तो आता थोरामोठ्यांच्या नावाचा झाला. १९०७ साली गेलेट बर्जेस या विनोदी लेखकाने एका वेष्टनावर ओरडून स्तुती करणारी काल्पनिक बाई छापली व तिला ‘ब्लर्ब’ हे नाव दिले. थट्टेतला तो शब्द पुढे धंद्यात रूढ झाला.

हा प्रश्न केवळ शोभेचा नाही. ज्याच्या घरी पुस्तके नाहीत व सांगणारा गुरुजी नाही, त्याला दुकानात मलपृष्ठ हाच सल्लागार असतो. आमचे शिक्षण असेच झाले आणि आमच्यासारखे पुष्कळ आहेत. एका पुस्तकासाठी दिवसाची मजुरी मोडणाऱ्या माणसाला मलपृष्ठाने फसविले, तर त्याचे पैसे जातातच. शिवाय पुढचे पुस्तक घेण्याची उमेदही जाते.

समर्थांनी त्याच समासात बजावले आहे की, संपूर्ण ग्रंथ पाहिल्यावाचून त्याला दूषण देऊ नये. आम्ही म्हणतो, भूषणही देऊ नये. करारपत्र वाचल्याशिवाय सही करू नका, असे आम्ही कामगारांना सांगत आलो. शिफारशीखाली नाव घालणाऱ्या विद्वानांनाही तोच नियम लागू असावा. मलपृष्ठाने श्रोत्यांच्या त्या तीन प्रश्नांची सरळ उत्तरे द्यावी. स्तुती करायची की नाही, ते वाचक पुस्तक मिटल्यावर ठरवील.