पास्ता खावा की नाही?

लातूर किंवा नांदेडला ‘नीट’च्या तयारीसाठी खोली करून राहणाऱ्या मुलांचे आईवडील मला नेहमी विचारतात, "डॉक्टर, हा रात्री पास्ताच करून खातो. त्यानं काही होतं का?" पास्ता वाईट नाही. पण रोजचं जेवण म्हणून तो एकटा पुरत नाही.

चांगला पास्ता ड्युरम गव्हाच्या रव्याचा असतो. आपला बन्सी गहू याच जातीचा. १०० ग्रॅम कोरड्या पास्त्यातून साधारण ३५० कॅलरी, १२ ग्रॅम प्रथिनं आणि जेमतेम ३ ग्रॅम तंतुमय पदार्थ मिळतात. तेवढ्याच ज्वारीत प्रथिनं १० ग्रॅम आणि तंतुमय पदार्थही जवळपास १० ग्रॅम असतात. त्यामुळे बद्धकोष्ठता असेल तर भाकरीच बरी. काही पाकिटं चक्क मैद्याची असतात, म्हणून मागची घटकांची यादी वाचा. झटपट पास्त्याच्या मसाल्यात मीठ भरपूर असतं. रक्तदाब असेल तर तो टाळा.

मधुमेह असेल तर

पास्त्यातला स्टार्च प्रथिनांच्या घट्ट जाळ्यात अडकलेला असतो. म्हणून पांढऱ्या ब्रेडपेक्षा त्यानं साखर हळू वाढते. गाळ होईपर्यंत शिजवला तर हा फायदा कमी होतो. एका वेळी ६० ग्रॅम कोरडा पास्ता पुरे. शिजल्यावर तो दुपटीहून जास्त भरतो. त्यातली ऊर्जा एका मोठ्या भाकरीएवढी असते, तेव्हा पास्ता खाल्ला त्या वेळी भात-पोळी नको. लोणी, मैदा आणि चीजचा पांढरा सॉस घातला की हा सगळा हिशेब कोलमडतो.

आपल्या चकोल्या

चकोल्या, म्हणजे वरणफळं, हा आपल्या घरचा पास्ताच. फरक इतकाच की त्या तुरीच्या वरणात शिजतात. गव्हाच्या प्रथिनांत लायसिन कमी असतं, डाळीत ते भरपूर असतं. दोन्ही एकत्र आले की प्रथिनांचा दर्जा सुधारतो. तुरीच्या डाळीसाठी नाव असलेल्या लातूरच्या मुलानं नुसता चीज-पास्ता खावा, याचं मला वाईट वाटतं. (कुरडईला मात्र चकोल्यांच्या रांगेत बसवू नका. ती गव्हाच्या चिकाची, म्हणजे मुख्यतः स्टार्चची, आणि वर तळलेली.)

मागे एक बारावीची मुलगी दम लागतो म्हणून आली. हिमोग्लोबिन ८. घरच्यांनी दोष पास्त्याला दिला. विचारल्यावर कळलं, पाळीत रक्तस्राव जास्त होत होता, आणि डाळ, पालेभाजी, अंडं महिनोन्‌महिने ताटात नव्हतं. तपासण्या करून लोहाच्या गोळ्या सुरू केल्या. पास्ता बंद केला नाही. त्यात वाटीभर शिजलेली डाळ, पालक, टोमॅटो घालायला आणि वरून लिंबू पिळायला सांगितलं. लिंबामुळे लोह चांगलं शोषलं जातं. जेवणाबरोबरचा चहा ते अडवतो. तो चहा सोडवणंच सगळ्यात अवघड गेलं.

गव्हाचं काहीही खाल्लं की वारंवार जुलाब होत असतील, पोट फुगत असेल, वजन घटत असेल, तर सिलिअॅक आजाराची रक्ततपासणी करून घ्या. ती होईपर्यंत गहू स्वतःहून बंद करू नका, नाहीतर आजार असूनही रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो.