आधी आठ आणे, मग लस

"घरच्या कुत्र्याला, मांजराला रेबीजची लस दिली आहे का?" असं विचारलं की बरेच जण म्हणतात, "डॉक्टर, ते कुठे बाहेर जातं?" म्हणून आज थोडा इतिहास सांगतो.

१८३२ साली मुंबईत भटकं कुत्रं मारणाऱ्याला सरकार आठ आणे देत असे. जूनमध्ये पारशी समाज याविरुद्ध रस्त्यावर उतरला, दुकानं बंद झाली, दंगल उसळली. १८३४ मध्ये भुलेश्वरला पांजरपोळ सुरू झाला. जनावरांना आसरा मिळाला, पण रेबीजवर उपाय नव्हता.

तो सापडला १८८५ मध्ये. पॅरिसमध्ये लुई पाश्चर यांनी कुत्रा चावलेल्या नऊ वर्षांच्या मुलाला लस दिली आणि तो वाचला. त्याच सुमारास परळला दिनशा पेटिट यांच्या देणगीतून बाई साकरबाई रुग्णालय उभं राहिलं. तिथेच १८८६ मध्ये पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं.

आज जागतिक आरोग्य संघटना सांगते, की भागातल्या ७० टक्के कुत्र्यांना लस दिली तर रेबीजची साखळी तुटते. जे मारून साधलं नाही, ते लसीने साधतं.

रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर रुग्ण जवळजवळ कधीच वाचत नाही. म्हणून प्राण्याचं लसीकरण चुकवू नका. कुत्रं-मांजर चावलं किंवा ओरखडलं, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा. हळद, चुना लावू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा.