कुंडीतल्या निवडुंगाची कुळकथा
(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

काटेरी झाड दारात असू नये, असे आपल्याकडे सांगतात. नवे घर झाले की कोणीतरी वडीलधारे हमखास बजावतात : तुळस लावा, जास्वंद लावा, पण निवडुंग नको. गंमत अशी, की पुष्कळदा याच घरांच्या पायरीशी ब्रह्मकमळाची कुंडी असते. पावसाळ्यातल्या एखाद्या रात्री त्याची कळी उमलू लागली की शेजारीपाजारी निरोप जातात, फुलाला हळदकुंकू वाहिले जाते, उदबत्ती लागते. आणि मंडळी, हे आपले ब्रह्मकमळ म्हणजे निवडुंगच आहे, अगदी अस्सल कॅक्टस! हिमालयात उंचावर फुलणारे, उत्तराखंडचे राज्यपुष्प असलेले ब्रह्मकमळ वेगळे. ते सूर्यफुलाच्या कुळातले. आपण कुंडीत लावतो ते एपिफायलम. त्याचे माहेर मेक्सिको आणि मध्य अमेरिकेच्या जंगलांत. तिथे ते मोठ्या झाडांच्या फांद्यांवर वाढते. ज्याला आपण त्याचे पान म्हणतो ते पान नव्हेच, ते चपटे झालेले खोड आहे. म्हणून तर त्याचा तुकडा मातीत खोचला की मुळे धरतो आणि एका घरचे ब्रह्मकमळ साऱ्या गल्लीत पोहोचते.

माझा विषय इतिहास. पण आमच्या कोल्हापूरच्या घराच्या गच्चीवर वीसेक कुंड्या निवडुंगाच्या आहेत आणि दर दोन-तीन वर्षांनी त्यांतल्या काहींची कुंडी बदलावी लागते. कुंडी बदलताना झाड मुळासकट हातात येते. मूळ पाहिले की कूळ आठवते. त्या कुळाचीच कथा आज सांगायची आहे.

पहिला प्रश्न असा, की ज्याला आपण निवडुंग म्हणतो ते सगळे एकच का? नाही. आपल्या डोंगरकपारीत, गडकिल्ल्यांच्या उतारांवर त्रिधारी निवडुंग दिसतो, तो याच मातीतला. त्याचे कूळ एरंडाचे. त्याला खरचटले की पांढरा दाट चीक वाहू लागतो आणि तो चीक डोळ्यांत गेला तर फार वाईट. अमेरिकेहून आलेल्या कॅक्टसला असा चीक बहुधा नसतो. कापले तर पाणचट गर दिसतो. शिवाय त्याचे काटे लवेच्या छोट्या गादीतून झुबक्याने निघतात. दोन दूरच्या खंडांत, दोन निराळ्या कुळांनी, कोरड्या हवेत तग धरण्यासाठी एकच युक्ती शोधली : पाने टाकायची, खोडात पाणी साठवायचे आणि ते पाणी कोणी पिऊ नये म्हणून काटे उभारायचे. आपल्या पूर्वजांनी नव्याने आलेल्या झाडालाही जुनेच नाव दिले. पुण्याच्या नाना पेठेत निवडुंग्या विठोबाचे देऊळ आहे. निवडुंगाच्या जाळीत मूर्ती सापडली म्हणून हे नाव पडले, असे सांगतात. तुकोबांच्या पालखीचा पुण्यातला मुक्काम तिथे असतो. म्हणजे या काटेरी झाडाला आपल्याकडे विठ्ठलाचा शेजारही लाभलेला आहे.

आता परदेशी निवडुंगाकडे येऊ. कोलंबस १४९२ साली अमेरिकेच्या वाटेवरच्या बेटांवर उतरला, वास्को द गामा १४९८ साली कालिकतला आला आणि १५१० साली पोर्तुगीजांनी गोवा घेतले. त्यानंतरच्या काळात अमेरिकेतल्या कितीतरी वनस्पती युरोपीय जहाजांतून आपल्या किनाऱ्यावर उतरल्या. कोल्हापूरकरांना सांगायला हवे असे नाही, पण त्यांतली एक होती मिरची. मिरचीशिवाय तांबडा रस्सा कल्पनेतही येत नाही. पण ती मुळात पाहुणी. त्याच खंडातून फड्या निवडुंगही आला. मिरचीला आपण स्वयंपाकघरात घेतले आणि फड्याला शेताच्या बांधावर उभे केले. पुढे या दोघांचे दैव किती निराळे ठरले पाहा.

निवडुंगाच्या कथेत तांबड्या रंगाला मोठे स्थान आहे. मेक्सिकोतले लोक फड्या निवडुंगावर एक बारीक किडा पाळत. अंगावर पांढरा कापूस ल्यालेला हा किडा चिरडला की लालभडक रंग निघतो. त्याला कोचिनील म्हणतात. स्पॅनिश लोकांनी मेक्सिको जिंकल्यावर या रंगाचा व्यापार मुठीत ठेवला आणि युरोपभर तो मोठ्या दराने विकला. उमरावांचे झगे, धर्मगुरूंची वस्त्रे, इंग्रज लष्करी अधिकाऱ्यांचे लाल डगले, सगळ्यांना हा रंग हवा. साहजिकच ईस्ट इंडिया कंपनीला वाटले, की हा धंदा आपण हिंदुस्थानात का करू नये? मद्रासमध्ये डॉ. जेम्स अँडरसन या कंपनीच्या वैद्याने अठराव्या शतकाच्या अखेरीस सैदापेठेत निवडुंगाची खास बागच उभी केली. १७९५ मध्ये कॅप्टन नीलसन नावाच्या अधिकाऱ्याने ब्राझीलमधून किडे आणले. पण ते निघाले हलक्या जातीचे. रंग बेताचा आणि भूक मात्र अफाट. एका विशिष्ट जातीच्या निवडुंगाचा त्यांनी पार फडशा पाडला. कंपनीचा रंगाचा धंदा बुडाला. पण एक गोष्ट लोकांच्या ध्यानात आली, की नको असलेले झाड किड्याकडून मारवता येते. १८३६ ते १८३८ च्या दरम्यान हे किडे मुद्दाम दक्षिणेत नेऊन निवडुंगावर सोडले गेले. तणाचा बंदोबस्त किड्याने करण्याच्या जगातल्या अगदी पहिल्या प्रयोगांत याची गणना होते.

तरीही फड्या निवडुंगाची दुसरी एक जात उरलीच. हा किडा तिला तोंड लावीना. बांधावरून ती गायरानात गेली, गायरानातून पडीक रानात. कुंपण म्हणून लावलेले झाड शेत गिळू लागले. त्याची बोंडे पाखरे खात आणि बी दूर टाकत. मोडून पडलेला फडा जिथे पडेल तिथे रुजे. जुन्या माणसांना निवडुंगाची ती दाट, साप-विंचवांनी भरलेली बने आठवत. पण याच झाडाने दुष्काळात साथही दिली, हे विसरून चालणार नाही. दख्खनमध्ये १८७६ ते १८७८ आणि पुन्हा १८९६ ते १९०० या काळात मोठे दुष्काळ पडले. वैरण संपली की फड्या निवडुंगाचे काटे आगीवर भाजून, तुकडे करून ते जनावरांपुढे टाकायचे, हा उपाय दुष्काळी मुलखात ठाऊक होता. पोटभर चारा तो नव्हे, पण ओलावा असलेले काहीतरी जनावराच्या तोंडी लागत असे.

अखेर १९२६ साली सिलोनहून, म्हणजे आजच्या श्रीलंकेतून, कोचिनीलच्या कुळातला दुसरा किडा दक्षिण भारतात आणला. हा नेमका उरलेल्या जातीवर तुटून पडला. पाच-सहा वर्षांत निवडुंगाची मैलोगणती बने पांढरी पडून कोसळली. आज आपल्याला फड्याची जाळी क्वचित दिसते, त्यामागे या नखाएवढ्याही नसलेल्या किड्याचा पराक्रम आहे.

आपली सुटका तशी स्वस्तात झाली. ऑस्ट्रेलियाची कथा ऐका. १७८८ साली इंग्रजांचा पहिला ताफा तिथे पोहोचला, तेव्हा त्याने वाटेत ब्राझीलमधून हेच रंगाच्या किड्याचे निवडुंग बरोबर घेतले होते. पुढे आणखी जाती आल्या. कोणी कुंपणाला लावल्या, कोणी शोभेला. १९२० च्या दशकापर्यंत तिथली सुमारे २ कोटी ४० लाख हेक्टर जमीन निवडुंगाखाली गेली. आपल्या महाराष्ट्राचे सारे क्षेत्रफळ सुमारे ३ कोटी ८ लाख हेक्टर आहे, यावरून अंदाज करा. शेतकरी घरेदारे सोडून निघून गेले. १९२५ मध्ये अर्जेंटिनातून एका पतंगाची अंडी आणली. त्याच्या अळ्यांनी काही वर्षांत निवडुंग पोखरून भुईसपाट केला. कृतज्ञ शेतकऱ्यांनी बूनार्गा या गावी १९३६ साली त्या पतंगाच्या नावाने सभागृह बांधले. माणसाने एका किड्याचे असे स्मारक उभारल्याची उदाहरणे फार नसतील.

हा सारा इतिहास डोक्यात असला की कुंडी बदलण्याच्या साध्या कामाकडेही निराळ्या नजरेने पाहिले जाते. आमच्या कोल्हापुरात हे काम मी शिमग्याच्या सुमारास, नाही तर दिवाळीनंतर करतो. जून ते सप्टेंबर मात्र नाही. त्या दिवसांत हवेत इतका ओलावा असतो, की दुखावलेले मूळ सुकण्याऐवजी कुजते. चार-आठ दिवस आधी पाणी बंद करावे, म्हणजे माती सुटी होते. वर्तमानपत्राची जाड घडी करून ती झाडाभोवती पट्ट्यासारखी गुंडाळावी आणि तिने झाड धरावे. काटे हाताला लागत नाहीत आणि मोडतही नाहीत. जुनी माती हलकेच झाडावी, काळी पडलेली मुळे छाटावी आणि झाड तसेच दोन-चार दिवस सावलीत ठेवावे, जखमा सुकू द्याव्यात. त्याला काही होत नाही. पाणी अंगात साठवून बसलेले झाड आहे ते.

पंचगंगेकाठची काळी माती उसाला उत्तम, निवडुंगाला मारक. ती पाणी धरून ठेवते. त्यापेक्षा जाड वाळू, विटांचा चुरा किंवा बारीक मुरूम निम्म्याहून अधिक घ्यावा आणि त्यात थोडी माती, थोडे कुजलेले खत मिसळावे. कुंडी कुंभाराकडची भाजक्या मातीची असली तर उत्तम. तिच्या अंगातून ओल बाहेर पडते. जुन्या कुंडीपेक्षा ती दोन बोटेच मोठी असावी. तळाच्या भोकावर खापरी ठेवावी आणि नवी लागण झाल्यावर आठवडाभर पाणी घालू नये. ब्रह्मकमळाचे मात्र वेगळे. ते जंगलातले असल्याने त्याला पालापाचोळ्याचे खत, विरळ सावली आणि जराशी आवळ कुंडी आवडते.

मुळांशी किंवा खोडावर पांढरा कापूस दिसला तर काडीने काढून चिरडून पाहावा. बहुतेक वेळा तो पिठ्या ढेकूण असतो. पण बोटाला लालभडक रंग लागला, तर समजावे की ज्याच्यासाठी स्पेनने व्यापार राखला आणि कंपनीने बागा लावल्या, तो कोचिनील आपल्या गच्चीवर आला आहे.

आता या कथेतले आणखी एक पान. सांगली-सोलापूरच्या कोरडवाहू पट्ट्यात काही वर्षांपासून सिमेंटच्या खांबांवर चढवलेल्या ड्रॅगन फ्रूटच्या बागा दिसतात. तेही निवडुंगच, तेही अमेरिकेतलेच. २०२१ साली सांगली जिल्ह्यातल्या तडसर गावचे हे फळ दुबईला गेले. त्याच वर्षी गुजरात सरकारने त्याला ‘कमलम’ असे नाव दिले. म्हणजे एका निवडुंगाला आपण ब्रह्मकमळ म्हटले, दुसऱ्याला कमलम. नाव दिले की पाहुणा घरचा होतो.

पण घरचा होणे आणि घर बळकावणे यांत फरक आहे, आणि तो फरक बहुधा माणसाच्या हातात असतो. पंचगंगेत इचलकरंजीच्या बाजूला जलपर्णीचा हिरवा थर साचतो, तीही दक्षिण अमेरिकेची आणि जगभर पसरली ती शोभेची वनस्पती म्हणून. रानोमाळ माजलेली घाणेरीही बागेतूनच सुटली. यांतल्या कोणत्याही झाडाचा स्वतःचा दोष नाही. त्यांना कोणीतरी हौसेने आणले आणि कोणीतरी निष्काळजीपणाने कुंपणापलीकडे टाकले.

म्हणून माझे एवढेच सांगणे आहे. निवडुंग घरात ठेवायला काही हरकत नाही. काट्यांनी कोणाचे वाईट होत नाही. मात्र कुंडी बदलताना जे फडे मोडतात, जे तुकडे उरतात, ते गॅलरीतून मागच्या ओढ्यात टाकू नका. कोल्हापुरात ओढा म्हणजे जयंती नाला आणि नाल्याची वाट पंचगंगेला मिळते. चांगले तुकडे शेजाऱ्यांना द्या. उरलेले पत्र्यावर कडक उन्हात पसरा, पूर्ण वाळून चिपाडासारखे होईपर्यंत थांबा आणि मगच टाका. फडा वरून वाळलेला दिसला तरी आत ओल असेल, तर पहिल्या पावसात तो पुन्हा डोके वर काढतो.