मानवी हक्कांचा तात्त्विक पाया

प्रत्येक व्यक्तीला केवळ माणूस म्हणून काही हक्क असतात, या विधानाचे समर्थन कशाच्या आधारे करावे, याविषयीच्या विचारास मानवी हक्कांचा तात्त्विक पाया असे म्हणतात. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १० डिसेंबर १९४८ रोजी पॅरिस येथे मानवी हक्कांचा सार्वत्रिक जाहीरनामा संमत केला. ४८ राष्ट्रांनी अनुकूल मत दिले, विरोधी मत एकही पडले नाही. सोव्हिएत संघ, सौदी अरेबिया, दक्षिण आफ्रिका इत्यादी ८ राष्ट्रे तटस्थ राहिली. हक्कांच्या यादीवर बहुतेकांचे मतैक्य झाले. त्या हक्कांचा उगम कोणता, यावर मात्र ते झाले नाही.

पूर्वपीठिका

जॉन लॉक याने सतराव्या शतकात जीवित, स्वातंत्र्य व मालमत्ता यांचे हक्क राज्यसंस्थेच्या आधीचे मानले. त्यांचे मूळ त्याच्या मते ईश्वरनिर्मित निसर्गनियमात होते. कांट याने १७८५ मध्ये हा भर मानवी विवेकाकडे वळवला. माणूस हा स्वयमेव साध्य असल्याने त्याला निव्वळ साधन म्हणून वापरता येत नाही, असे त्याचे प्रतिपादन आहे. बेंथॅमने नैसर्गिक हक्कांची कल्पनाच निरर्थक ठरवली. हक्क कायद्यातून निर्माण होतो. हक्काची गरज वाटणे म्हणजे हक्क असणे नव्हे, असा त्याचा युक्तिवाद होता.

टॉमस पेन याच्या ‘राइट्स ऑफ मॅन’ या ग्रंथाचा प्रभाव महात्मा जोतीराव फुले यांच्यावर होता. ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ (१८९१) या ग्रंथात फुले यांनी सर्व स्त्रीपुरुषांची जन्मसिद्ध स्वतंत्रता निर्मिकाच्या आधारे मांडली. लॉकचा रोख अनियंत्रित राजसत्तेवर होता. फुले यांनी तशाच विचाराने जातिव्यवस्था व स्त्रीदास्य यांवर प्रहार केला, हे त्यांचे वेगळेपण होय.

जाहीरनाम्याचा मसुदा

युनेस्कोने १९४७ मध्ये या प्रश्नावर विविध देशांतील विचारवंतांची मते मागवली. महात्मा गांधींनी ज्यूलियन हक्सली यांना पाठवलेल्या संक्षिप्त उत्तरात कर्तव्यपालनाला हक्कांचे मूळ मानले आणि हे आपण निरक्षर पण शहाण्या आईकडून शिकल्याचे कळवले. भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता यांच्या आग्रहामुळे पहिल्या कलमातील ‘सर्व पुरुष’ असाही अर्थ होऊ शकणारा इंग्रजी शब्दप्रयोग जाऊन ‘सर्व मानव’ अशा अर्थाची रचना आली. चीनचे प्रतिनिधी पी. सी. चांग यांनी विवेकाच्या जोडीला कन्फ्यूशियसप्रणीत ‘रेन’ ही परस्परभावाची कल्पना सुचवली. तिच्या जागी मसुद्यात सदसद्विवेकबुद्धी हा शब्द आला. मानवाला हे गुण निसर्गतः लाभले आहेत, असा मसुद्यातील उल्लेख पुढे गाळण्यात आला. ईश्वराचा निर्देश करण्याची ब्राझीलची सूचनाही मागे घेतली गेली. सारांश, पायाची जागा हेतुतः मोकळी सोडली गेली.

आक्षेप

हॅना आरेंट हिने १९५१ मध्ये निर्वासितांच्या अनुभवावरून मूलगामी शंका उपस्थित केली. नागरिकत्व गमावल्यावर ज्यांच्याजवळ केवळ माणूसपण उरले, नेमके त्यांचेच हक्क कोणीही मानले नाहीत. बेंथॅमचा आक्षेप येथे अधिक दाहक रूपात पुन्हा समोर येतो. जाहीरनाम्याच्या १५व्या कलमात प्रत्येकाला राष्ट्रीयत्वाचा हक्क दिलेला आहे. ते कोणत्या राष्ट्राने द्यावे, याचा निर्देश त्या कलमात नाही.