नाव एक, ड्रायव्हर दोन

गारखेडा परिसरातल्या पुंडलिकनगरसारख्या वस्तीत जुना संगणक सहसा फेकला जात नाही. तो धाकट्याकडे जातो किंवा दुकानाच्या बिलांसाठी उपयोगी पडतो. खरी अडचण येते नवी विंडोज टाकल्यावर. पडद्यावरची अक्षरं फुगतात, व्हिडिओ अडखळतो आणि शोध सुरू होतो ग्राफिक्स कार्डच्या ड्रायव्हरचा.

एनव्हिडियाचं जीफोर्स २५६ हे कार्ड १९९९ साली आलं. त्या काळी कंपनीचे ड्रायव्हर 'डिटोनेटर' नावाने निघत आणि एकच संच अनेक कार्डांना चाले. सोय मोठी होती. पण पिढ्या वाढल्या, तशा जुन्या पिढ्या एकेक करून या संचातून वगळल्या गेल्या. २००९ च्या जीफोर्स २१० साठी विंडोजवरचा शेवटचा ड्रायव्हर ३४२.०१, तो डिसेंबर २०१६ मध्ये आला. फर्मी या चिप-पिढीच्या ड्रायव्हरचा प्रवास मार्च २०१८ मध्ये ३९१.३५ वर थांबला.

सगळ्यात फसवं कार्ड २०१४ चं जीटी ७३०. एकाच नावाने फर्मी आणि केपलर अशा दोन वेगळ्या चिप विकल्या गेल्या! मेमरी बस १२८ बिटची असेल तर फर्मी, म्हणजे शेवटचा ड्रायव्हर ३९१.३५. केपलर असेल तर ड्रायव्हरच्या ४७० शाखेपर्यंत जाता येतं. खोक्यावरच्या नावावरून हे कळत नाही, आणि ग्राहकावर हा अन्यायच आहे.

म्हणून ड्रायव्हर उतरवण्याआधी डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डचा हार्डवेअर आयडी पाहा. एनव्हिडियाच्या कार्डांचा विक्रेता क्रमांक '१०डीई' असतो. त्यापुढचा डिव्हाइस क्रमांक चिपची खरी ओळख सांगतो.