कामाचे तुकडे, जबाबदारीचा सांधा

नंदुरबार जिल्ह्याच्या शहादा तालुक्यातले टेंभली हे लहानसे गाव. २९ सप्टेंबर २०१० रोजी तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी यांच्या उपस्थितीत देशातला पहिला ‘आधार’ क्रमांक या गावच्या रंजना सोनवणे यांना मिळाला. समारंभाची छायाचित्रे देशभर गाजली. त्या बारा अंकांमागचे काम कसे वाटून घेतले होते, याची चर्चा मात्र फारशी झाली नाही. आज त्याविषयी बोलू.

पूर्वी मोठी संगणक प्रणाली एकसंध बांधत. हिशेब, नोंदी, मालाची पाठवणी, सारे एकाच प्रोग्रॅममध्ये. एक बाजू बिघडली की सारा डोलारा अडून बसे. अमेरिकेतल्या नेटफ्लिक्स कंपनीचा डेटाबेस २००८ साली बिघडला आणि तीन दिवस ग्राहकांना डीव्हीडी पाठवणेच बंद पडले. कंपनीने धडा घेतला आणि कामाचे शेकडो छोटे, स्वतंत्र भाग पाडले. हे स्थलांतर पुरे व्हायला २०१६ साल उजाडले. या पद्धतीला ‘मायक्रोसर्व्हिसेस’ म्हणतात.

गझल ऐकणाऱ्यांना ही रचना समजायला अवघड नाही. गझलेतला प्रत्येक शेर अर्थाने स्वतंत्र असतो. एक गाळला तरी बाकीचे उभे राहतात. वृत्त, काफिया आणि रदीफ मात्र सर्वांनी सांभाळायचे. इथेही तसेच. आतले काम कसे करायचे ते ज्याचे त्याने ठरवावे. परस्परांशी बोलण्याचा ठरलेला करार मोडू नये.

टेंभलीला क्रमांक दिला गेला तेव्हा ‘मायक्रोसर्व्हिसेस’ हे नाव रूढ नव्हते. पण आधारची घडण याच वळणाची होती. २००९ साली नंदन नीलेकणी यांच्या अध्यक्षतेखाली काम सुरू करणाऱ्या प्राधिकरणाने सगळे स्वतःच्या हाती ठेवले नाही. नोंदणी राज्य सरकारे, बँका आणि त्यांनी नेमलेल्या संस्थांकडे गेली. एकाच माणसाला दोन क्रमांक मिळू नयेत म्हणून बोटांचे ठसे आणि बुबुळे ताडून पाहण्याचे काम तीन पुरवठादारांच्या प्रणालींत विभागले. पत्र घरी पोचवणे टपाल खात्याकडे. पडताळणी हे अंग तर वेगळेच. तिथे मुळात उत्तर ‘होय’ किंवा ‘नाही’ एवढेच. या वाटणीमुळे वेग आला. एप्रिल २०१६ पर्यंत शंभर कोटी क्रमांक दिले गेले.

पण यंत्राचे तुकडे केले की संस्थेचेही होतात. मेल्विन कॉनवे या संगणकतज्ज्ञाने १९६८ सालीच लिहून ठेवले होते की, संस्थेतली माणसे एकमेकांशी जशी बोलतात, तशीच तिची प्रणाली घडते. म्हणून अॅमेझॉनने छोटे गट केले, दोन पिझ्झांत पोट भरेल एवढे. शिवाय दंडक असा, की ज्याने बांधले त्यानेच ते चालवायचे. रात्री बिघाड झाला तर त्याच गटाने उठायचे. तुकडे करणे नेहमीच लाभाचे ठरते असेही नाही. २०२३ साली अॅमेझॉनच्याच प्राइम व्हिडिओ विभागाने चित्र-ध्वनीची तपासणी करणारी एक प्रणाली पुन्हा एकसंध केली आणि तिचा खर्च नव्वद टक्क्यांनी घटला.

आपल्यासाठी खरा प्रश्न इथेच आहे. धडगाव-अक्कलकुव्याच्या एखाद्या पाड्यावरची म्हातारी डोंगर उतरून स्वस्त धान्य दुकानात येते. कष्टाने बोटांच्या रेषा झिजलेल्या. ई-पॉस यंत्र म्हणते ‘नाही’. दुकानदार यंत्राकडे बोट दाखवतो, यंत्रवाला नेटवर्ककडे, नेटवर्कवाला आणखी कुणाकडे. प्रत्येकाच्या वहीत त्याचे काम चोख झालेले असते, पण म्हातारीची पिशवी रिकामीच असते. २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने आधार कायदा बहुतांशी ग्राह्य धरला. त्याच वेळी पडताळणी फसली म्हणून पात्र माणसाचा लाभ बुडता कामा नये, हेही बजावले.

काम वाटून घेण्याची कला आपण झपाट्याने शिकलो. आता तुकड्यांमधल्या सांध्यांवर कुणीतरी नेमले पाहिजे. ‘हे माझे काम नाही’ असे म्हणण्याची ज्याला मुभा नाही, असा एक माणूस प्रत्येक खिडकीपाशी हवा.